सोळा मीटर

जॅकचा दांडा ओनुकीच्या बरगडीवर बसला, तेव्हा काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

"परत सांग," तेत्सुजी म्हणाला. "ब्रेक दाबलास का नाही?"

"उशिरा दाबला, दादा. चूक माझीच." ओनुकी रक्त थुंकला. एक दात फरशीवरच्या ऑइलात जाऊन पडला.

भर दुपार होती. गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं. तेत्सुजीच्या अंगात अजून काळा सूट होता. धाकट्या भावाचं, इबुकीचं, सातव्या दिवसाचं पठण उरकून तो सरळ इथेच आला होता. नागिरी घाटातल्या पहाटेच्या, उताराच्या शर्यतीत इबुकीची तांबडी गाडी दरीत गेली. मागे ओनुकीची पांढरी होती. पोलिसांनी अपघात लिहून फाइल मिटवली.

तेत्सुजीनं नव्हती मिटवली. ओनुकीनं मुद्दाम ढकललं हे एकदा शाबीत झालं, की त्याला इथून जिवंत सोडायचं नाही, एवढं ठरवूनच तो आला होता.

"सागारा काका, दोन्ही गाड्या तुम्ही बांधल्यात. बोला, ताकदीला भारी कुठली?"

म्हातारा सागारा टेबलाला चिकटून उभा होता. "कॅटलॉगात दोघींची ताकद दोनशे ऐंशी घोड्यांची. त्या काळी सगळ्या कंपन्या तेवढेच छापायच्या, आत काही का असेना. माझ्या मशीनवर मोजली तर तांबडी तीनशे दहा, पांढरी तीनशे ऐंशी."

"म्हणजे पांढरी पुढे."

"चढावर. उतारावर तांबडीला कोण धरणार? ती बाराशे चाळीस किलो, ही पंधराशे साठ."

"ऐकलंस? धरता येईना म्हणून ढकललीस!" तेत्सुजीनं त्याच मोडक्या बरगडीत लाथ घातली. "ब्रेकच्या ताटाएवढ्या डिस्क लावून फिरतोस आणि म्हणे ब्रेक उशिरा लागला! तुला तिथे थांबायलाच हवं होतं, हरामखोर. थांबायलाच!"

"हो, मीच मारलं. मार मला, नि मोकळा हो."

तेत्सुजीनं त्याच्या बोटांवर बूट ठेवला आणि सगळं वजन टाकलं. ओनुकी गुरासारखा ओरडला.

"अरे, बास!" सागारा पुढे आला. "दोन्ही गाड्यांत नोंदीचे डबे होते. वेग, ब्रेक, सगळं येतं त्यात. कागद काढलेत मी."

"काका, नको!" ओनुकी फरशीवरून सरपटत त्याच्या पायाशी गेला. "पाया पडतो, नका दाखवू."

तेत्सुजी हसला. सापडला साला. त्यानं दांडा दोन्ही हातांत धरला. "दाखवा."

सागारानं दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. "हे पाचवं वळण. ते सुटल्यावरचा सरळ रस्ता. वेग दोघींचा एकशे चाळीस. मधे बारा मीटर." म्हाताऱ्यानं पुढच्या रेघेवर बोट ठेवलं. "ब्रेक इथे. दोघांनी एकाच क्षणी. पार तळापर्यंत."

"खोटं."

"मी कशाला खोटं बोलू? दोन्ही पोरं मला सारखीच. तांबडी बहात्तर मीटरांत थांबते. पांढरी जड, टायर झिजलेले, तिला अठ्ठ्याऐंशी लागतात. फरक सोळाचा. मधे होते बाराच. आणि तिथे कठडा नाही."

दांडा हळूहळू खाली आला. "पण इबुकी का थांबेल? पुढे रस्ता रिकामा होता."

ओनुकीनं तोंडातलं रक्त बाहीला पुसलं.

"आरशात दिवा दिसला असेल त्याला," तो म्हणाला. "वळणावर जो राखणीला उभा असतो त्यानं लाल दिवा हलवला, की समोरून गाडी येतेय. मग पुढचा असो, मागचा असो, दोघांनी जागच्या जागी थांबायचं. आपला नियमच आहे तो. गाडी आलीच नव्हती, दादा. पोलिसांना मी दिव्याचं बोललो नाही."

पाचव्या वळणावर राखणीला उभं राहून, तांबडी पुढे निघून गेल्यावर, फक्त पांढरीला अडवून भावाला जिंकवायला, दिवा हलवला होता तेत्सुजीनं.