आईचा कौल

"हात सैल सोडा, आजी. उत्तर द्यायचं नाही, नुसतं ऐकायचं," म्हणत सिस्टरने दिगंबरच्या आईच्या मनगटाला पट्टा बांधला. पेशंट तोंडाने घरच्यांना बरं वाटेल तेच बोलतात, म्हणून हल्ली कॅन्सरचा उपचार पट्ट्याच्या कौलानेच ठरायचा. मनातलं खरं नाडीत उमटायचं, आणि त्यापुढे डॉक्टरांचंही काही चालायचं नाही.

येताना रिक्षात आई पुढच्या चैत्रातल्या पापडांबद्दल बोलत होती. आता पट्टा बांधून होताच दिगंबरने तिचा हात आपल्या मुठीत धरला. तिला सुई टोचताना तो नेहमी हेच करायचा.

"केमो चालू ठेवायची," सिस्टरने वाचलं. दिगंबरला उलट्यांची घमेली आठवली, जागरणं आठवली, गेलेली नोकरी आठवली. "की थांबवून घरी जायचं?" त्याला एकदम हलकं वाटलं, आणि पट्ट्याच्या पडद्यावर होकाराचा हिरवा दिवा लागला.

"थांबवायचं," सिस्टर म्हणाली. मग तिची नजर त्या दोघांच्या हातांवर गेली. "अहो, तुम्ही हात कशाला धरलात? पट्टा जोरातली नाडी पकडतो. हा कौल तुमचा आलाय. सोडा, पुन्हा घेऊ."

दिगंबरची मान वर होईना. आईने त्याच्याकडे बघितलं. मग तिने स्वतःच पट्टा सोडला आणि सिस्टरच्या हातात दिला.

"पुन्हा नको, बाई. बरोबरच आलाय," ती म्हणाली. "चल दिगू, घरी जाऊ."