पेट्रोलचा वास

कुंदनच्या जुन्या गाडीत पेट्रोलचा वास यायचा. गॅरेजवाल्याने अखेर शोधून दाखवलं, टाकीवरची वाफेची नळी चिरली होती. पण तशी नळी भंडाऱ्यात मिळेना, नागपुरातही मिळेना. मग कुंदनने गाडी धुतली, सीटांवर अत्तर शिंपडलं आणि आंधळगावच्या मित्राला, संघपालला, ती विकून टाकली.

मन खाऊ लागलं तेव्हा त्याने फोन केला.

"संघपाल, गाडीत वास येते का रे?"

"रत्नमाला म्हणते भाऊ, पेट्रोलचा येते. सातवा महिना आहे तिले. आता दवाखान्यातच नेऊन राहिलो."

खरं सांगायला कुंदनने तोंड उघडलं, पण संघपालच हसून बोलला.



"मी म्हटलं तिले, गाडी कुंदनभाऊची आहे, तिच्यात कायचा वास? बाहेरूनच येत असन. म्हणून साऱ्या काचा लावून घेतल्या."