झाडाला जामीन

"तोडू का तुला?" वेलिकोने कुऱ्हाड उगारली आणि सफरचंदाच्या म्हाताऱ्या झाडाला दरडावून विचारलं.

कुणीच उत्तर दिलं नाही.

उत्तर काही झाडाने द्यायचं नसतं, ते घरच्या माणसाने द्यायचं असतं. डिसेंबरातल्या इग्नाटच्या सणाला त्या डोंगराखालच्या गावात हे दरवर्षी चालतं. ज्या झाडाने फळ दिलं नाही, त्याला एकाने कुऱ्हाड दाखवायची आणि दुसऱ्याने मध्ये पडून म्हणायचं, "नको तोडूस, पुढच्या वर्षी देईल." असं तीनदा. झाड घाबरतं आणि पुढच्या वर्षी लगडतं. तिसऱ्या खेपेलाही कुणी जामीन राहिलं नाही, तर मात्र झाड तोडायचं. पोकळ धमक्या देणाऱ्याला बागेतलं एकही झाड मग जुमानत नाही, असं सगळे मानतात. तशी वेळ आजवर कुणावर आली नव्हती. जामिनाशिवाय कुऱ्हाड घेऊन निघेल इतका खुळा कोण असणार?

कुंपणापलीकडून शेजारच्या पेन्योने मान वर काढली. "काय रे वेलिकोदादा, एकटाच? वहिनी कुठाय?"

"घरात."

"मग हाक मार की!"

"हाक मारून काय उपयोग? ती माझ्याशी बोलते कुठे?"

पेन्योने मान हलवली. ते त्याला ठाऊक होतं, साऱ्या गावालाच ठाऊक होतं. मार्चमध्ये वेलिको या झाडाची छाटणी करायला शिडीवर चढला, तेव्हा त्याची बायको गिना खाली उभी राहून म्हणाली होती, "त्या जाड फांदीला हात लावू नकोस हं. तिच्या ढोलीत रामगंगा घरटं करतात." काळ्या टोपीची, पिवळ्या पोटाची ती चिमुकली पाखरं. हिवाळाभर गिना त्यांच्यासाठी चरबीचे तुकडे आणि फोडलेले अक्रोड फांद्यांना टांगायची. वसंतात ती ढोलीत पिल्लं काढायची आणि भल्या पहाटे गिनाला उठवायची.

"फांदी कुजलीय," वेलिको वरून म्हणाला. "छाटणीतलं तुला काय कळतं?" आणि त्याने करवत चालवली. एकदा हात सुटल्यावर शेजारच्या दोन फांद्याही उतरवल्या.

गिना खाली पडलेल्या ढोलीकडे बघत राहिली. "इतक्या वर्षांत माझं कधी ऐकलंयस?" ती म्हणाली. "मग बोलू तरी कशाला?"

आणि ती खरंच बोलायची थांबली.

झाडही रुसलं. नुसते सरळसोट फोक फुटले, फूल एक नाही. वेलिकोने ढोलीचा तुकडा तारेने पुन्हा खोडाला बांधला. एप्रिलमध्ये रामगंगा आल्या, आत डोकावल्या आणि पेन्योच्या नासपतीवर निघून गेल्या. गिनाने खिडकीतून ते पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. घरात कसली उणीव नव्हती. सूप वेळेवर टेबलावर यायचं, मोजे रफू होऊन मिळायचे. पण मीठ संपलं तर ती अंगणात जाऊन कोंबडीला सांगायची, "सांग त्याला, मीठ आण म्हणावं." वेलिकोला घर खायला उठायचं. भांडली असती, ताट आपटलं असतं, तरी चाललं असतं त्याला.

"तोडू का तुला?" त्याने दुसऱ्यांदा विचारलं, चांगलं घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. कुऱ्हाडीची बोथट बाजू खोडावर ठक्कन वाजली. फांदीवर चरबी टोचणाऱ्या दोन रामगंगा भुर्रकन उडाल्या.

स्वयंपाकघराची खिडकी बंदच राहिली.

"अरे, मी राहतो जामीन!" पेन्यो कळवळून म्हणाला. "नको तोड—"

"तू तोंड मिट!" वेलिको खेकसला. "तुझं झाड आहे का हे? मोठा आलाय जामीन राहणारा!"

"म्हणजे खरंच पाडणार की काय?"

वेलिकोने कुऱ्हाड हातात फिरवली आणि धारेची बाजू खोडाकडे केली. झाडावर सासरी आल्यापासून गिनाचा जीव होता, आणि गावात वेलिको दिला शब्द पाळणारा म्हणून ओळखला जायचा. दोन्ही गोष्टी तिला माहीत होत्या.

"तिसऱ्यांदा विचारतो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "तोडू का तुला?"

कुऱ्हाड डोक्यावर गेली.

दार धाडकन उघडलं. गिना नुसत्या लोकरी मोज्यांनी बर्फातून धावत आली, हातात सुपाचा डाव तसाच.

"नको तोडूस!" ती ओरडली. "देईल! पुढच्या वर्षी देईल, मी सांगते ना!"

कुऱ्हाड बर्फात पडली. वेलिको तिथेच खोडाला टेकून मटकन बसला. नऊ महिन्यांनी तो आवाज कानावर पडला होता. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं आणि त्याचे डोळे वाहायला लागले. त्याने ते पुसलेसुद्धा नाहीत.

"चुकलं माझं, गिना. तुझं ऐकायला हवं होतं."

"हवंच होतं! बहिरा मेला!" गिना डाव नाचवत म्हणाली. "आणि या वयात बर्फात बसतात का? ऊठ! उठतोस की नाही? कोट कुठाय तुझा? घेवड्याचं सूप उतू गेलं असेल तिकडे!"

ती बोलत सुटली. वेलिको तिच्याकडे तोंड वर करून बघत राहिला. पेन्यो हळूच कुंपणाआड बसला.

मग गिना एकदम थबकली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गावात कुठल्याच बागेत माणूस दिसत नव्हता, कुठे कुऱ्हाड वाजत नव्हती.

"अरे म्हाताऱ्या," ती म्हणाली, "इग्नाटचा सण तर उद्या आहे!"

"ठाऊक आहे," वेलिको म्हणाला. "उद्यापर्यंत दम निघत नव्हता."