रविवारचा केक

सरांनी केक कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

"अहो, जावयापुढे रिकामं टेबल?" बायको म्हणाली. "पोरगी काय म्हणालीये लक्षात आहे ना? पुन्हा त्याचा अपमान झाला तर ती या घराची पायरी चढणार नाही."

"अपमान कसला? शिस्त लावतोय. घटकाभर खाल्ल्यावाचून राहवत नसेल तर तो माणूस कसला?"

सर शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी उतरली नाही, असं शेजारी म्हणत. त्यांनी साखर सोडली, चहा सोडला, कॉफी सोडली, डोक्याखालची उशीसुद्धा सोडली. सोडलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल चारचौघांना ऐकवणं तेवढं सोडलं नाही. त्यांच्याकडे दर रविवारी केक व्हायचा, तो खाण्यासाठी नव्हे, न खाण्यासाठी. केक टेबलाच्या मधोमध मांडायचा, समोर ताठ बसायचं आणि हात लावायचा नाही. याला ते सराव म्हणत. सराव संपला की बायको मुकाट्याने तो शेजारी वाटून यायची.

जावई आला आणि सरावाचा विचका झाला. गडी लिफ्ट दुरुस्त करायचा. अंगाने आडवा, स्वभावाने मुखदुर्बळ. समोर केक दिसला की खायचा. बरं, खाताना लाज वाटावी म्हणून सर दोन शब्द सुनावत, तर हा आणखीच खायचा. इकडे सरांचं वाक्य संपलं की तिकडे याचा हात ताटलीत. इतका निगरगट्ट माणूस सरांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. गेंड्याची कातडी, दुसरं काय!

थोड्या वेळाने मुलगी आणि जावई आले. टेबलाशी बसले. बायकोने कॉफी आणून ठेवली. जावयाने टेबलाकडे पाहिलं, मग कुलपाकडे. सरांना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"जावईबापू, लोकांना वर चढवायचा तुमचा धंदा. आणि आमचे दोन जिने चढलात तर भात्यासारखे फुसफुसताय!"

जावयाचा हात सवयीने पुढे गेला आणि रिकाम्या टेबलावर अडला. त्याने कॉफीचा मोठा घोट घेतला. लगेच दुसरा घेतला. कप संपला.

"आई, केक कुठाय?" मुलीने घाबऱ्या आवाजात विचारलं. "नसेल तर बिस्किटं आण. काहीही आण."

आईने नुसतं सरांच्या खिशाकडे पाहिलं.

सरांना आता चेव आला. नवऱ्याच्या घासासाठी पोटची पोर अशी कासावीस व्हावी, याची त्यांना शिसारी आली. "बघ, तूही याच्याच माळेतली झालीस. चार घास नाही मिळाले तर जीव जातो का कोणाचा? उलट खाऊनच जातो. जावईबापू, तुमचे वडीलही खाऊन खाऊनच गेले ना?"

जावयाने रिकामा कप उचलून तोंडाला लावला. मग तो सावकाश खाली ठेवला.

मुलगी ताडकन उठली. "बाबा, कपाट उघडा. त्याला काहीतरी खायला द्या. आत्ताच्या आत्ता!"

"एवढी भूक?" सर हसले.

"भूक? घरी तो गोडाला शिवतसुद्धा नाही. इथे तुम्ही बोललात आणि उत्तर तोंडाशी आलं, की तो घास कोंबतो. का, तर माझं माहेर तुटू नये म्हणून!"

सरांचं हसू जागच्या जागी विरलं. जावई त्यांच्याकडे बघत होता. आजवर त्याने असं सरळ कधी बघितलंच नव्हतं. सर लगबगीने कपाटाशी गेले. किल्ली कुलपात बसेना. शेवटी एकदाचं दार उघडलं. त्यांनी अख्खा केक दोन्ही हातांनी आणून जावयापुढे ठेवला, स्वतः सुरी फिरवली आणि हा भलामोठा तुकडा कापला.

"घ्या ना जावईबापू. घ्या, अगदी ताजा आहे."

जावयाने ताटली बाजूला सारली आणि खुर्ची पुढे ओढली.

"राहू द्या, बाबा," तो म्हणाला. "आज मला भूक नाही."