सरासरीचे कान

"ही पोर तोंडातल्या तोंडात बोलते. कालेजात गेली नि आवाजच बसला हिचा."

नामा शेजारच्या विठूच्या कानात कुरकुरला. ते अख्ख्या खोलीला ऐकू गेलं. मग तो खुर्चीत बसला. टेबलापलीकडे कान तपासायचं यंत्र घेऊन बसलेली पोर त्याचीच, रुचिका. यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या आवाजानं माणसांचे कान जातात, हे तिला प्रबंधात दाखवायचं होतं. भिवंडीतल्या एकाच शेडमधले तीस लूमवाले आणि मानकोलीच्या शांत गोदामातले तीस पॅकिंगवाले, साधारण एका वयाचे. लूमवाल्यांत नामा क्रमांक एक.

हेडफोनमध्ये बारीक 'टीं' वाजलं की बोट वर करायचं. नामानं दर वेळी केलं. बाकीच्यांनीही केलं.

टी-चाचणी दोन गटांच्या सरासऱ्या समोरासमोर उभ्या करते आणि विचारते, मधलं अंतर खरं मानावं, की निव्वळ योगायोग? उत्तर आलं, योगायोग. तिच्या गाईड निवेदिता मॅडम म्हणाल्या, आलंय तसंच लिही, आकड्यांवर रुसून चालत नाही. रुचिका रुसूनच खारबावला घरी आली.

आई, आनंदीबाई, गॅसकडे तोंड करून नवऱ्याला विचारत होती, कालवणात मीठ बरोबर हाय ना. एकदा, दोनदा, तीनदा. नामा आपला जेवतोय. ती वळली, चौथ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाला, बरोबर हाय. हे घरात रोजचंच. मायलेकी त्याला ताठा म्हणायच्या. त्या दिवशी मात्र रुचिकाचा घास हातातच राहिला.

लूमच्या खडखडाटात कुणी कानानं ऐकतच नाही. ओठ बघतात, भुवया बघतात. शेडच्या या टोकाहून त्या टोकाला शिवी देतात आणि ती बिनचूक पोचते. अशांच्या समोर ही शहाणी बसली होती. बटण पुठ्ठ्याआड लपवलेलं, पण दाबताना दर वेळी ओठ मुडपलेले. बोटं वर झाली ती ओठ बघून.

हे ऐकून मॅडमनी कपाळाला हात लावला, मग म्हणाल्या, "खुर्ची फिरव. गोदामवाल्यांचीही फिरव हो. नाहीतर फरक कानांचा नाही, खुर्चीचा निघेल."

भिंतीकडे तोंड म्हटल्यावर लूमवाले बिचकले. बहिरा ठरला तो लूमवरून उतरला, हे सगळ्यांना ठाऊक. रुचिकानं शब्द दिला, कुणाचंच नाव येणार नाही, सरासरीला नाव नसतं. एकोणतीस जण बसले. नामा बसला नाही. ड्युटी आहे म्हणाला. जगाला त्याचं नाव कळलं नसतं, पण पोरीला कळलं असतं.

गोदामवाल्यांना सरासरी चोवीस डेसिबलला ऐकू आलं, लूमवाल्यांना त्रेचाळीसला. टी आठाच्या पुढे. कान सारखे असते, तर नुसत्या योगायोगानं एवढं अंतर पडायची शक्यता हजारात एकही नव्हती. मॅडमनी स्वतःच्या हातानं चहा करून पाजला.

तो कागद घेऊन रुचिका शेडमध्ये गेली. शिफ्ट बदलत होती, लूम थांबले होते. सगळ्यांच्या कानांना बोळे द्या, दरवर्षी तपासणी करा, आणि कान गेला म्हणून कुणाला काढू नका, एवढंच तिनं मागितलं. शेठनं कागद उलटसुलट केला. माणूस वाईट नव्हता, पण कागदावर विश्वास ठेवणाराही नव्हता.

"सरासरी को कान नहीं होते, बेटा. यहाँ किसको तकलीफ है, वो बोले."

एकोणतीस माना खाली गेल्या. रुचिकाकडे एकोणतीस नावं होती आणि दिलेला शब्द होता. तिनं ओठ मुडपले.

मागे उभ्या असलेल्या नामानं शेठचे ओठ वाचले होते. आता त्यानं पोरीचे पाहिले. तो पुढे आला आणि, तपासणीत करतात तसं, एक बोट वर केलं. क्षणभर शेडमध्ये ते एकटंच होतं. मग विठूचं वर आलं. मग सुताच्या कांड्या भरणाऱ्याचं. मग बोटांमागून बोटं, भातलावणीच्या शेतातल्या रोपांसारखी सरळ उभी. शेठ मोजता मोजता थांबला.

नामा पोरीकडे वळला आणि भिंतींनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तू तोंडातल्या तोंडात न्हाय बोलत, बाय. मला ऐकू येत न्हाय."