जुन्या तांडेलाची पत्रं

तिसरं पत्र आलं, तेव्हा गुड्रुननं ते उभ्या उभ्याच वाचलं आणि प्रेबेनपुढे टाकलं.

"घे, तुझा तांडेल आला परत."

गुड्रुन साप्ताहिकाची संपादक, प्रेबेन त्याची पानं लावायचा. वाचकांच्या पत्रांतल्या चुकाही तोच काढायचा. त्यानं चष्मा पुसला. "अरे देवा! शाळेला दांड्या मारून थेट बोटीवर चढलेला दिसतोय हा. एका ओळीत चार चुका!"

"असू दे. लोकांना आवडतोय."

पत्राखाली नाव नसायचं. 'जुना तांडेल' एवढंच. पाकीट ग्रोनविग गावातल्याच टपालपेटीत पडलेलं असायचं. खरं तर गुड्रुननं नाव-पत्ता मागायला हवा होता. पण गावात निवृत्त कोळी पन्नास, त्यांतलाच कुणीतरी असणार. तिनं विचारलं नाही.

टेकडीवरच्या बंद पडलेल्या इस्पितळात सीरियातली तीस कुटुंबं येऊन सहा महिने होत आले होते. तेव्हापासून साप्ताहिकाचा खप वाढला होता. सायकल चोरीला गेली की पहिल्या पानावर बातमी आणि शेजारी इस्पितळाचा फोटो. चोर कोण, ते गुड्रुन कधी लिहायची नाही. लिहायची गरजच पडायची नाही. एप्रिलमध्ये नगरपालिकेत मतदान होतं: ही कुटुंबं गावात ठेवायची, की उचलून दुसरीकडे पाठवायची. गावाचा कल कुठे आहे, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तांडेलही त्याच कलाचा. पहिल्या पत्रात तो तणतणला होता, 'ही माणसं आल्यापासून नऊच्या आत बेकरीतला राय-धान्याचा काळा पाव संपतो.' दुसऱ्यात, 'अंधारात काळे कोट घालून रस्त्याच्या मधून चालतात. एक दिवस माझ्या गाडीखाली येतील.' बंदरावरच्या कॉफीच्या टपरीत ही पत्रं मोठ्यानं वाचली गेली. "मनातलं बोलला गडी!" सगळे म्हणाले.

तिसऱ्यात त्यानं लिहिलं होतं, 'काल त्यांच्यातल्या एका बाईला थांबवून चांगलं झापलं. तिला ओ की ठो कळलं नाही. शेवटी माझ्या जाकिटाची चमकणारी पट्टी काढून तिच्या बाहीला बांधली. दयाबिया काही नाही हं! मला म्हातारपणी तुरुंगात जायचं नाही.'

गाव खो खो हसलं. आणि त्याच आठवड्यात चमकत्या पट्ट्यांच्या दोन पिशव्या कुणीतरी इस्पितळाच्या दारात ठेवून गेलं.

पत्रं दर सोमवारी येत राहिली. तांडेलाची कुरकुर काही थांबली नाही. पण टेकडीवरच्या एका म्हाताऱ्याला त्यानं हेरिंग खारवायला शिकवलं, 'कारण तो चांगली मासळी नासवत होता, ते बघवेना.' त्या म्हाताऱ्याच्या बायकोनं पुढे केलेलं मसुराचं सूप नाइलाजानं प्यायला. 'दोन वाट्या,' असंही खाली लिहिलं. हळूहळू टपरीतले लोक 'ती माणसं' म्हणायचं सोडून एकेकाचं नाव घ्यायला लागले. पहिल्यांदा कोणी घेतलं, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

"एक गंमत बघ," फेब्रुवारीत प्रेबेन म्हणाला. "म्हाताऱ्याचं शुद्धलेखन सुधारतंय. पानभर मजकुरात दोनच चुका."

"तुझ्या दुरुस्त्या वाचून शिकत असेल."

"ह्या वयात? कमाल आहे बाबा!"

त्या आठवड्याचं पत्र मात्र गुड्रुनला झोंबलं. 'संपादकबाई, क्विस्टची सायकल गेली ती पहिल्या पानावर, फोटोसकट. ती त्याच्याच मेव्हण्याच्या गोठ्यात सापडली, ते अकराव्या पानावर, दोन ओळींत. माझी नजर अधू झाली आहे म्हणून विचारतो, ते अक्षर एवढं बारीक का?'

तिनं ते पत्र दोन दिवस खणात दाबून ठेवलं. मग जुने अंक काढले. इस्पितळाचा फोटो पहिल्या पानावर चौदा वेळा आला होता. त्यात माणसाचा चेहरा एकदाही नव्हता.

"हे मी केलं, प्रेबेन?"

"आपण केलं. पानं मीच लावली ना."

तिनं पत्र छापलं. पहिल्या पानावर, ठळक अक्षरात. खाली एकच ओळ लिहिली: 'चूक माझी आहे.' अंक हातात पडल्यावर दोघा वाचकांनी येऊन वर्गणी बंद केली. पुढच्या आठवड्यात ती स्वतः कॅमेरा घेऊन टेकडी चढली.

एप्रिलमध्ये मतदान झालं. अकरा विरुद्ध चार. कुटुंबं राहिली.

आता बंदराच्या जत्रेत तांडेलाचा सत्कार करायचं ठरलं. पण तांडेल कोण?

"बंदरावरचा म्हातारा थोर्किलच असणार," प्रेबेन म्हणाला.

"छे! थोर्किल जन्मात कधी स्वतःच्या बायकोचं सूप धड प्यायला नाही."

थोर्किल "मी नव्हेच" म्हणायचा, पण म्हणताना मिशीत हसायचा. बाकीचे म्हातारेही तसंच हसायचे. शेवटी गुड्रुननं अंकातूनच हाक घातली: तांडेल, एकदा भेटा. सोमवारी उत्तर आलं. 'गुरुवारी चार वाजता, वाचनालयात, खिडकीपाशी. एकट्याच या.' चूक एकही नव्हती.

गुड्रुन फुलं घेऊन वेळेआधीच पोचली. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे ती आशेनं बघत होती. चार वाजून गेले. समोरच्या खुर्चीवर चाळिशीची एक बाई येऊन बसली. गुड्रुननं तिला ओळखलं. टेकडीवरची रीम. गुड्रुननंच काढलेल्या फोटोत ही दुसऱ्या रांगेत उभी होती.

"माफ करा हं," गुड्रुन म्हणाली, "ही जागा धरून ठेवली आहे. एक म्हातारे गृहस्थ यायचेत."

"ते नाही येणार," रीम म्हणाली. ती एकेक शब्द जपून उच्चारत होती. "त्यांना मी कालच निवृत्त केलं."

तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावरून गुड्रुनकडे सरकवला.

"हे येत्या सोमवारचं पत्र. खाली या वेळी माझंच नाव घालायचं म्हणते."