तिसऱ्यांदा कापलेली नळी

“तुझ्या अब्बाशी बोलायचं म्हणजे निस्ता घसा फाडायचा, बाई!” गाडी निघताच सगीरा मागच्या सीटवरून गाडी चालवणाऱ्या लेकीच्या, राहतच्या कानाशी कुरकुरली. नुसतं इंजिन ऐकून बिघाड सांगणाऱ्या गयास मिस्त्रीनं आपल्या जुन्या गाडीला हौसेनं जाड सायलेन्सर बसवला होता, आणि तेव्हापासून ऐंशीच्या वेगाला गाडी आतून भुंग्यासारखी घुमायची. उपायही त्यानंच शोधला. एका टोकाला बंद केलेली नळी सायलेन्सरच्या पाइपला जोडायची. लांबी बरोबर जमली की ती घुमणं गिळून टाकते. आज दोनदा कापून फसली होती. आता तिसरी खेप.

राहतनं जालना रोडला गाडी दामटली. साठ, सत्तर... करमाडच्या अलीकडं काटा ऐंशीवर गेला आणि गाडीत एकदम शांत झालं. इतकं, की सगीराच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

“अब्बा, जमलं!” राहत स्टीअरिंगवर थाप मारून ओरडली. सगीरा तर हरखून टाळ्याच पिटायला लागली.

गयास मिस्त्री कान टवकारून बसला होता. “खूश काय होता? घुमतंय की अजून! वळव गाडी, आणखी दोन बोटं कापू.”

राहतनं आरशातून आईकडं बघितलं. घरात मिस्त्रीनं लावलेला टीव्ही अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा, पण त्यावर दोघी कधी काही बोलल्या नव्हत्या.

सगीरानं पुढं वाकून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घसा फाडूनच म्हणाली, “अजी, गाडी गप झाली. घुमतंय ते तुमच्या कानात!”